परीक्षितने काढलेली आरोग्य भिशी

"या इन्शुरन्स कंपन्यांना मी एकटा पुरून उरेन," असं परीक्षित हर्डीकरने जाहीर केलं, तेव्हा त्याच्या एका हातात साबुदाणावड्यांची बशी होती आणि दुसऱ्या हातातला चमचा शेजारी बसलेल्या अतुलच्या बशीतल्या चटणीत होता. अशा अवस्थेत केलेल्या प्रतिज्ञा माणसं सहसा मनावर घेत नाहीत. परीक्षितने घेतली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

बोस्टनपासून तासाभरावर श्रूजबरी नावाचं गाव आहे. तिथे शैलजाकाकूंच्या घरी दर महिन्याला बायकांची भिशी भरायची. भिशी म्हणजे आपली नेहमीचीच. प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि त्या महिन्यात जिचा नंबर लागेल तिने सगळा गल्ला घरी न्यायचा. नवरे सोबत जायचे ते गाडी चालवायला आणि वडे खायला. एरवी त्यांच्या घोळक्यात क्रिकेट आणि ग्रीन कार्ड हे दोनच विषय असायचे. पण २००७ सालच्या त्या ऑक्टोबरात तिसरा विषय निघाला आणि पहिले दोन मागे पडले. मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला होता की प्रत्येकाने हेल्थ इन्शुरन्स घ्यायचाच, नाही घेतला तर टॅक्सच्या वेळी दंड. कायदा भल्यासाठी होता यात वाद नाही. पण नव्या वर्षाचे हप्ते जाहीर झाले तसा एकेकाचा चेहरा उतरला. हप्ता का वाढला याचं खापर कोणी सरकारवर फोडलं, कोणी कंपन्यांवर, कोणी डॉक्टरांवर. वाढला मात्र सगळ्यांचा. अरुण तर वूस्टरला एका इन्शुरन्स कंपनीतच नोकरीला होता, त्याचाही वाढला होता.

"स्वतःच्या लग्नात पाकीट देऊन जेवल्यासारखं वाटतं यार," अरुण म्हणाला.

आता परीक्षितबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. हा माणूस रागावायचा फार, पण त्याचा राग टिकायचा नाही. मधेच त्याचं रूपांतर आदरात व्हायचं. कुठलीही गोष्ट पक्की रचलेली दिसली की ती आपल्याच गळ्याभोवती आवळली जातेय हे विसरून तो तिच्याकडे थक्क होऊन बघत बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला मुतखड्याचा त्रास झाला होता. एक दुपार तो हॉस्पिटलात होता. पुढे कित्येक महिने घरी पाकिटं येत राहिली. हॉस्पिटलचं बिल वेगळं, डॉक्टरचं वेगळं, पोटाचा फोटो काढणाऱ्याचं वेगळं आणि तो फोटो बघणाऱ्याचं आणखी वेगळं. मधे एक गृहस्थ पडदा सरकवून आत डोकावले होते, "हाउ आर वी डूइंग टुडे?" असं म्हणाले होते आणि निघून गेले होते. परीक्षितने त्यांना "फाइन" असं उत्तर दिलं होतं. त्यांचंही बिल आलं. परीक्षितने ते बायकोला वाचून दाखवलं, आणि त्याच्या आवाजात संताप नव्हता.

"बघ, नुसतं 'कसं काय' विचारलं त्याने. केवढी ही व्यवस्था, मीनाक्षी. आपल्याकडे गावभर लोक विचारत फिरतात, कोणाच्या डोक्यात तरी आलं का?"

"तू 'फाइन' म्हणालास त्याचे पैसे तू लाव त्यांना," मीनाक्षी म्हणाली.

या सगळ्या प्रकरणात खरं काही पणाला लागलं होतं ते मीनाक्षीचं. ती एका कंपनीच्या पेरोल खात्यात काम करायची. काम तिला आवडायचं नाही, साहेब आवडायचा नाही आणि तिच्या टेबलाला खिडकी नव्हती. पण परीक्षितचा छोट्या दुकानांना कॉम्प्युटर सिस्टिम बसवून द्यायचा स्वतःचा धंदा होता, आणि धंद्याला इन्शुरन्स नसतो. घरातला इन्शुरन्स मीनाक्षीच्या नोकरीतून यायचा. तो जाईल म्हणून ती नोकरीत राहिली होती. आणि त्या वर्षी गावाबाहेरच्या रोपांच्या नर्सरीच्या मालकिणीने तिला विचारलं होतं, "एप्रिलमध्ये आम्ही उघडतो, माझ्याकडे येतेस का?" पगार बरा होता. इन्शुरन्स नव्हता. मीनाक्षीने हे परीक्षितला सांगितलं तेव्हा ती कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होती आणि तिने वर पाहिलं नाही. परीक्षितला तिचं ते वर न पाहणं फार लागलं. साबुदाणावड्याच्या साक्षीने केलेल्या प्रतिज्ञेमागे ते होतं.

तर प्रतिज्ञा करून झाल्यावर त्याची नजर आतल्या खोलीत गेली. तिथे शैलजाकाकू भिशीचे पैसे मोजून कोणाच्या तरी हातात ठेवत होत्या आणि बायका टाळ्या वाजवत होत्या. परीक्षितने चमचा खाली ठेवला.

"आपण आरोग्याची भिशी काढू," तो म्हणाला.

बेत तसा वाईट नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. सगळ्यांनी सर्वांत स्वस्त पॉलिसी घ्यायची. तिचा डिडक्टिबल डोंगराएवढा असतो, म्हणजे वर्षातली पहिली मोठी रक्कम तुम्ही खिशातून घालायची आणि त्यानंतर कंपनी डोळे उघडणार. असू दे. कायद्याचं समाधान झालं, हप्ता कमी झाला, आणि ती पहिली रक्कम भरायची भिशीतून. दर महिन्याला प्रत्येकाने पैसे टाकायचे, जो आजारी पडेल त्याला द्यायचे.

शैलजाकाकूंचे यजमान मोरेश्वरकाका रिटायर झाले होते, पण सरकारी मेडिकेअर मिळण्याच्या वयाला अजून पोचले नव्हते. स्वतःच्या खिशातून दोघांचा हप्ता भरून ते टेकीला आले होते. ते ताबडतोब तयार झाले. अतुल मूळचा नागपूरचा, एकटा राहायचा, त्याच्या कन्सल्टिंग कंपनीचा इन्शुरन्स नुसता नावाला होता. तोही आला. अरुणने आपल्याच कंपनीची स्वस्त पॉलिसी घेतली आणि तोही आला. मीनाक्षी मात्र सावध होती.

"एप्रिलपर्यंत चालवून दाखव," ती म्हणाली. "तोपर्यंत खात्यात चांगली शिल्लक उरली, तर मी राजीनामा देईन आणि आपणही स्वस्त पॉलिसी घेऊ."

"दिलास समज," परीक्षित म्हणाला.

त्याची चूक एकच झाली. त्याने या प्रकाराला फंड म्हणायला हवं होतं, मंडळ म्हणायला हवं होतं, काहीही म्हणायला हवं होतं. भिशी म्हणायला नको होतं. कारण मराठी माणसाच्या डोक्यात भिशीचा एकच अर्थ पक्का बसलेला आहे. पैसे भरलेत, म्हणजे आपला नंबर येणार.

पहिल्याच महिन्यात काकूंनी विचारलं, "मग पहिला नंबर कोणाचा?"

"काकू, नंबर असा नाही. जो आजारी पडेल त्याला."

"आणि मी धडधाकट राहिले तर?"

"तर उत्तमच की."

"मला काही मिळणार नाही?"

"नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, ही कसली भिशी? इतकी वर्षं मी भिशी चालवतेय, नंबर नाही अशी भिशी ऐकली नाही. परीक्षित, तू मला जानेवारी धर. तोपर्यंत बघते मी काय काय दुखतंय."

"मला डिसेंबर चालेल," मोरेश्वरकाका म्हणाले. "नंतर आम्ही फ्लोरिडाला जाऊ."

परीक्षितला वाटलं ते गंमत करताहेत. पण नोव्हेंबरात अतुल जाऊन अ‍ॅलर्जीच्या सगळ्या तपासण्या करून आला. त्याला कसलाही त्रास नव्हता.

"मग केल्यास कशाला?" परीक्षितने विचारलं.

"पैसे भरून राहिलो ना यार मी. काहीतरी तर करून घ्यावं लागेल."

तपासणीत निघालं की त्याला मांजर आणि कोळंबी यांची अ‍ॅलर्जी आहे. मांजर त्याने कधी पाळलं नव्हतं आणि कोळंबी त्याने जन्मात खाल्ली नव्हती. तरी त्याचं बिल भिशीतून गेलं, आणि पुढच्या बैठकीला सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. भिशी लागली की पेढे वाटायचे असतात, म्हणून काकूंनी त्याच्याकडून पेढे वसूल केले. पेढा खाता खाता मोरेश्वरकाका विचारपूस करत होते की त्या डॉक्टरकडे आणखी कशाकशाच्या तपासण्या होतात.

त्या महिन्यात परीक्षितने शिल्लक पाहिली. हे असंच चाललं तर एप्रिलपर्यंत खात्यात फक्त खातं उरणार होतं. त्याला मीनाक्षी दिसली, खिडकी नसलेल्या टेबलाशी बसलेली. त्याने ठरवलं की आता नियम हवेत.

पहिला नियम त्याने मोरेश्वरकाकांवर लावला. काकांना डिसेंबरात गुडघा दाखवायचा होता.

"काका, गुडघा कधीपासून दुखतोय?" परीक्षितने प्रेमाने विचारलं.

काकांना जुन्या गोष्टी सांगायला आवडायचं. "अरे, सदुसष्ट साली. कॉलेजची कबड्डीची फायनल. शेवटची चढाई माझी. समोर तिघं उभे..." काकांनी सगळा सामना सांगितला. तिघांची नावं सांगितली, त्यांची गावं सांगितली, ते आज कुठे असतात तेही सांगितलं. शेवटी रेषेला हात लावून पडताना गुडघा कसा मुरगळला ते उठून करून दाखवलं. परीक्षित मान डोलवत ऐकत राहिला.

"म्हणजे दुखणं भिशीच्या आधीचं आहे," तो म्हणाला. "बसत नाही, काका."

काका तसेच वाकलेले राहिले. "अरे, पण आपण जिंकलो होतो."

"अभिनंदन," परीक्षित म्हणाला.

दुसरा नियम असा होता की डॉक्टरकडे जाण्याआधी परीक्षितला फोन करून मंजुरी घ्यायची. आठवड्याभरात अतुलचा फोन आला. त्याने आईने पाठवलेली विळी पहिल्यांदाच काढली होती आणि नारळाऐवजी बोट कापून घेतलं होतं. त्या वेळी परीक्षित दुसऱ्या फोनवर एका दुकानदाराशी बोलत होता.

"जरा होल्ड कर," तो अतुलला म्हणाला. दुकानदाराचं बोलणं बरंच लांबलं.

"अबे, रक्त येऊन राहिलं इथे," तो परत आल्यावर अतुल म्हणाला.

"किती खोल आहे?"

"मला काय माहीत यार, आत वाकून बघू का?"

"हळद आहे घरी? दाबून हळद भर, घट्ट फडकं बांध, हात वर धरून बस. संध्याकाळी बघू टाके लागतात का."

संध्याकाळी रक्त थांबलं होतं. टाके लागले नाहीत. एक पैसा खर्च झाला नाही. परीक्षितने फोन ठेवला. त्याला एकदम आतून काहीतरी उमगलं होतं. इतकी वर्षं त्या कंपन्या आपल्याला होल्डवर ठेवायच्या तेव्हा आपण समजत होतो की त्यांच्याकडे माणसं कमी आहेत. किती वेडे होतो आपण. होल्ड हाच उपचार होता. निम्मी दुखणी नुसती थांबवून ठेवली की आपोआप बरी होतात, आणि उरलेल्यांतली निम्मी माणसं कंटाळून फोन ठेवतात. ज्या कोणी हे पहिल्यांदा शोधून काढलं असेल त्याला परीक्षितने मनोमन हात जोडले.

"तुझ्या होल्डला म्युझिकही नाही," अतुलने नंतर तक्रार केली.

परीक्षितने ती सूचना गांभीर्याने घेतली. ज्या घरात दोन माणसं राहात होती तिथे दुसरी फोनलाइन आली आणि तिच्यावर तबला वाजू लागला.

मीनाक्षी हे सगळं पाहात होती. "परीक्षित, तू अलीकडे आरशात बघतोस का?" तिने एकदा विचारलं.

"शिल्लक बघ," तो म्हणाला.

शिल्लक खरोखरच वाढत होती. मीनाक्षीनेही ती पाहिली. त्या रविवारी तिने बियांचा कॅटलॉग मागवला. तो आल्यावर ती टोमॅटोच्या पानावर बराच वेळ थांबलेली परीक्षितने पाहिली आणि त्याला वाटलं की आपण करतोय ते सगळं बरोबरच आहे.

मग संक्रांत आली. मीनाक्षीने हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून बायकांना थर्मामीटर द्यायचं परीक्षितने सुचवलं होतं, म्हणजे ताप आहे की नाही हे घरीच कळेल आणि डॉक्टरला विचारावं लागणार नाही. मीनाक्षीने ते कसंबसं मान्य केलं. तिळगुळाच्या वड्या कडक झाल्या आहेत असं दिसल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि सगळ्या वड्या खलबत्त्यात घालून त्याने त्यांचा भुगा केला. दात तुटला तर तो कोणाच्या खात्यावर जाईल यावर भिशीत अजून एकमत झालेलं नव्हतं.

या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. आदल्या रात्री बर्फ पडून गोठलं होतं आणि ते वितळावं म्हणून घरासमोरच्या ड्राइव्हवेवर मीठ टाकायचं काम परीक्षितचं होतं.

शैलजाकाकू काळी चंद्रकळा नेसून गाडीतून उतरल्या आणि चार पावलांत आडव्या झाल्या. लोक धावले, काकूंना उचलून आत आणलं, सोफ्यावर बसवलं. मनगट बघता बघता सुजलं. मीनाक्षीने फ्रीझरमधली मटारची पिशवी काढून त्यावर ठेवली. मोरेश्वरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते गाडीची किल्ली स्वतःच्याच खिशात शोधत होते आणि ती हातात होती. मनगट मोडलंय हे सगळ्यांना दिसत होतं. परीक्षितलाही दिसत होतं. पण परीक्षितला त्या मनगटामागे हॉस्पिटल दिसत होतं, पाकिटांमागून येणारी पाकिटं दिसत होती, रिकामं खातं दिसत होतं, आणि एप्रिलमध्ये खिडकी नसलेल्या टेबलाशी बसलेली मीनाक्षी दिसत होती.

"एक मिनिट," तो म्हणाला. "काकू, पायात काय होतं?"

"कोल्हापुरी," काकू कण्हत म्हणाल्या. "चंद्रकळेवर बूट कसे दिसतील रे?"

"बर्फात कोल्हापुरी. हा निष्काळजीपणा झाला, काकू. हे भिशीत बसणार नाही."

थर्मामीटरचं पाकीट हातात घेऊन उभी असलेली अरुणची बायको नीलांबरी भिंतीला टेकली.

"ड्राइव्हवेवर मीठ कोणी टाकायचं होतं?" मीनाक्षीने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

दुसरा कोणी असता तर इथे खजील झाला असता. परीक्षितचा चेहरा उजळला.

"करेक्ट," तो म्हणाला. "मीठ मी टाकलं नाही. चूक माझी. म्हणजे हे भिशीचं काम नाहीच, हे माझ्या घराच्या इन्शुरन्सचं काम आहे. काकू, तुम्ही माझ्यावर केस करा."

"काय करू?"

"कोर्टात केस. हर्डीकरांच्या हलगर्जीपणामुळे हात मोडला म्हणा. पैसे माझ्या घराची इन्शुरन्स कंपनी भरेल, मी विरोध करणार नाही. मी तुमच्या बाजूने साक्ष देईन."

काकूंना मनगटापेक्षा हे जास्त दुखलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, आज संक्रांत आहे. आज गोड बोलायचं असतं. आणि मी तुला कोर्टात खेचू? तुझ्या लग्नात तुझ्या डोक्यावर मी अक्षता टाकल्यात रे."

"भावना बाजूला ठेवा, काकू."

मीनाक्षीने काकूंच्या खांद्यावर शाल टाकली, त्यांना उठवलं, मोरेश्वरकाकांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि त्या दोघांना घेऊन ती हॉस्पिटलला गेली. जाताना तिने परीक्षितकडे पाहिलं नाही. मागे उरलेल्या पाहुण्यांपुढे परीक्षित तिळगुळाच्या भुग्याचं ताट घेऊन उभा राहिला. कोणीही हात पुढे केला नाही. फक्त अरुण एकटक त्याच्याकडे बघत होता, एखाद्या गवयाची तान ऐकावी तसा.

"परीक्षित," तो शेवटी म्हणाला, "आमच्याकडे मोठा फ्लोअर भरून लोक आहेत. क्लेम नाकारणारे खूप आहेत. पण जिचा क्लेम आहे तिलाच दुसऱ्या कंपनीच्या दारात पाठवायचं आणि वर तिच्या बाजूने साक्ष द्यायची, हे मी कोणाला सुचलेलं पाहिलं नाही."

भिशीचं खातं परीक्षित आणि मीनाक्षी दोघांच्या नावावर होतं. बिलं आली तशी मीनाक्षीने कोणालाही न विचारता एकेक चेक फाडला, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत खातं रिकामं झालं. बियांचा कॅटलॉग तिने कचऱ्यात टाकला नाही. तो तिने कपाटात नीट ठेवून दिला आणि सोमवारी ऑफिसला गेली. परीक्षितला हे पाहून रडू आलं. तिला मोकळं करायला निघालेल्या माणसाने एका म्हातारीला कोर्टात जायला सांगितलं होतं, आणि मोकळं तर केलं नव्हतंच.

तो मऊ भात आणि लिंबाचं लोणचं घेऊन काकूंकडे माफी मागायला गेला. काकू प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी त्याला डाव्या हाताने पेढा दिला.

"हा कशाचा?"

"अरे, कशाचा म्हणजे? शेवटी माझाच नंबर लागला की नाही? आणि मी जानेवारीच सांगितला होता."

परीक्षितने पेढा खाल्ला.

मार्चमध्ये अरुणचा फोन आला. त्याच्या कंपनीत क्लेम्स खात्यात माणूस हवा होता आणि त्याने आपल्या मॅनेजरला संक्रांतीची हकीकत सांगितली होती. मॅनेजरने ती दोनदा सांगायला लावली होती. परीक्षितला हसावं की रडावं कळेना. ज्यांना पुरून उरायचं त्यांच्याच दारात जायचं. पण पूर्ण वेळची नोकरी होती, आणि घरच्यांसकट पक्का हेल्थ इन्शुरन्स होता. त्याला कपाटातला कॅटलॉग आठवला आणि त्याने टाय बांधला.

इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी त्याला एक काल्पनिक केस दिली. एक माणूस छत दुरुस्त करताना शिडीवरून पडलाय. परीक्षितने विचारलं की शिडी कोणाची होती. शेजाऱ्याची, असं ते म्हणाले. "मग हा माणूस आपल्याकडे कशाला आलाय?" परीक्षितने विचारलं. टेबलापलीकडच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने हळूच पेन खाली ठेवलं. नोकरी मिळाली.

मीनाक्षीने त्याला मिठी मारली. त्या क्षणी तिने त्याला संक्रांतीबद्दल माफ केलं असं त्याला वाटलं, आणि ते बहुधा खरं होतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तो कामावर रुजू झाला. एच. आर. मधल्या एका हसतमुख बाईंनी त्याला इमारत दाखवली, कॉफीचं मशीन दाखवलं, आणि मग अगदी सहज सांगितलं की नव्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा इन्शुरन्स तीन महिन्यांनी सुरू होतो.

"पण आपण स्वतःच इन्शुरन्स कंपनी आहोत," परीक्षित म्हणाला.

"एव्हरीवन वेट्स," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसू जराही हललं नाही.

घरी येताना गाडीत परीक्षितच्या अंगावर शहारा आला. वा. किती साधं. नियम नको, चौकशी नको, गुडघा कधी दुखला ते विचारायला नको, कोणाशी वाईटपणा नको. नुसतं थांबवायचं. आजारी पडायचं तेवढं पड बाबा, पण तीन महिन्यांनी. आपण एवढं डोकं चालवलं, दुसरी फोनलाइन घेतली, तबला लावला, आणि हे मात्र सुचलं नाही. आपण हौशी माणसं. ते ते आणि आपण आपण.

मीनाक्षी घरापुढच्या हिरवळीत पाय पसरून बसली होती. तिच्या नखांत काळी माती होती, गालालाही लागली होती, आणि ती कितीतरी वर्षांत हसली नव्हती तशी हसत होती.

"मीनाक्षी, ऐक, काय नियम आहे यांचा," तो गाडीतून उतरता उतरताच बोलू लागला, "केवढं डोकं आहे बघ या लोकांचं. नव्या माणसाला तीन महिने इन्शुरन्सच नाही. कोणालाच नाही. स्वतःच्या माणसांनाही नाही. मी तर..."

त्याचं लक्ष तिच्या गाडीकडे गेलं. मागचं दार उघडं होतं आणि आत एक खोका होता. खोक्यात तिचा ऑफिसातला कप होता, टेबलावरचं कॅलेंडर होतं आणि उजेडाअभावी पिवळा पडलेला मनीप्लांट होता.

"हे काय?"

"माझं टेबल. सकाळी राजीनामा दिला. दुपारी नर्सरीत गेले, त्यांनी लगेच कामाला लावलं. गुलाबांना खत घातलं मी आज."

परीक्षित गाडीला टेकला. सगळ्या मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने प्रत्येकाकडे इन्शुरन्स हवा होता, दिवसभर तो लोकांचे क्लेम तपासून आला होता, आणि आता त्याच्या घरात इन्शुरन्स नव्हता.

"मला विचारायचं तरी," तो कसाबसा म्हणाला.

"तुला विचारलं असतं तर तू आधी मंजुरी घ्यायला लावली असतीस," मीनाक्षी म्हणाली. तिने हात झटकले. "तीन महिने ना? राहू की. तेवढा खोका आत आण."

परीक्षितने खोका आणला. आधी पाय नीट रोवले, मग पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकला, आणि श्वास रोखून तो हळूहळू, अंड्यांची टोपली उचलावी तसा उचलला. तीन महिने पाठीत उसण भरून चालणार नव्हतं.